खोकला कुणाचा, दाखला कुणाचा

मंगळवारी रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. तिसऱ्या मजल्यावर कामाला येणाऱ्या बाईंना बरेच दिवस खोकला आहे. सबब सोसायटीत धुणीभांडी, झाडलोट, स्वयंपाक करायला येणाऱ्या सगळ्या बायकांनी छातीचा फोटो आणि बेडका तपासून दाखला आणावा. दाखला येईपर्यंत त्यांनी लिफ्ट वापरू नये. पंधरा मिनिटांत बावीस अंगठे पडले.

मी विचारलं, इमारतीत राहणाऱ्यांपैकी कुणाला खोकला आहे का? असेल तर त्यांचाही दाखला घेऊ या. उत्तर आलं, 'आपल्याला माहिती असते हो. या लोकांना काही कळत नाही, म्हणून काळजी.'

आजचं सदर या उत्तरासाठी आहे. ते एका ग्रुपपुरतं असतं तर मी तिथेच भांडून मोकळी झाले असते. पण साथरोगांबद्दलची आपली सगळी समजूतच या उत्तरावर उभी आहे. रोग पसरतो तो अडाण्यांमुळे, आणि त्यावर उपाय म्हणजे त्यांची जनजागृती. महापालिकेचा फलक हेच सांगतो, भाषणं हेच सांगतात, आणि घरोघरच्या जेवणाच्या टेबलावरही हेच बोललं जातं. मला ही समजूत खोटी वाटते. नुसती खोटी नाही, घातक वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे येणाऱ्या मावशींना मी विचारलं, टीबीचं तुम्हाला काय काय माहीत आहे? हातातलं पातेलं घासता घासता त्या सांगत गेल्या. 'पंधरा दिवसांच्या वर खोकला गेला की बेडका द्यायचा. एक तिथल्या तिथं, एक सकाळी उठल्यावरचा. गोळ्या चालू झाल्या की लघवी लाल होती, त्याला भ्यायचं नाही. दोन महिन्यांत अंग भरून येतं, भूक लागती, माणसाला वाटतं बरं झालं. तिथंच फसतं. माझ्या जावेनं मधीच सोडल्या होत्या. परत झाला तो औषधाला दाद देईना. दीड वर्ष गेलं तिचं.' त्यांच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत तीन घरांत टीबी झाला. कुणाच्या घरी आशाताई कधी येते, पोषणाचे पैसे खात्यावर किती उशिरा जमा होतात, ते पाचशेचे हजार झाले, सगळं त्यांना ठाऊक. (निक्षय पोषण योजनेची ही वाढ नोव्हेंबर २०२४पासूनची. माझ्या ओळखीतल्या एकाही पदवीधराला ही योजना असते हेही माहीत नव्हतं.)

आता ग्रुपवरची माहिती बघा. बाईंचा कप वेगळा ठेवा. लिफ्टची बटणं सॅनिटायझरनं पुसा. त्यांनी घासलेली भांडी गरम पाण्यातून काढा. टीबी भांड्यातून पसरत नाही, बटणातून पसरत नाही, हात लावून पसरत नाही. तो हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा बारीक थेंब हवेत तरंगतात, आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे उघडी खिडकी. आमच्या इमारतीत एसी लावल्यापासून बहुतेक घरांच्या दिवाणखान्याची खिडकी उघडत नाही. ती उघडा, असं बावीस जणांपैकी एकानंही लिहिलं नाही.

म्हणजे माहिती कुणाकडे होती?

मावशींना सगळं कळतं असं माझं म्हणणं नाही. कुत्रा चावला तर जखमेवर तिखट नाहीतर चुना भरणारे लोक आहेत, आणि त्यात जीव जातात. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करायचं, हे प्रत्येक माणसाला सांगितलंच पाहिजे. साध्या तापाला सलाईन लावून घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, असे रुग्ण वस्तीत आहेत. आणि साध्या सर्दीला मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून तीन दिवसांत सोडून देणारे रुग्ण आमच्या इमारतीत आहेत. औषधाला न जुमानणारे जंतू दोन्हीकडे तयार होतात. अज्ञान सगळ्यांकडे आहे. दाखला मात्र एकाच बाजूकडून मागितला जातो.

आमच्या घरातली गोष्ट सांगते. माझ्या आत्याला टीबी झाला तेव्हा मी शाळेत होते. घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. पाहुण्यांना सांगितलं जायचं, 'जरा अशक्तपणा आहे.' डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वडील कपाटात कुलपात ठेवायचे. आत्याचं ताट, वाटी, फुलपात्र वेगळं झालं आणि ती माजघराच्या मागच्या खोलीत झोपायला लागली, जिथे खिडकी नव्हती. सगळे शिकलेले. दोघं शिक्षक, एक बँकेत. आत्या पूर्ण बरी झाली, पुढे कितीतरी वर्षं जगली. पण त्या आजाराचं नाव तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही, कारण घरात लग्नाच्या मुली होत्या. त्या महिन्यांत आमच्या घरात तपासणी कुणाची झाली? कुणाचीच नाही. माझी नाही, माझ्या धाकट्या भावाची नाही. तपासणीला गेलो असतो तर कळलं असतं ना लोकांना.

टीबी लपवण्यात मध्यमवर्गाचा हात कुणी धरणार नाही. वस्तीत लपवणं अवघड असतं, दहा बाय दहाच्या खोलीत खोकला लपत नाही. आपल्याकडे तो 'फुप्फुसात थोडं इन्फेक्शन' होऊन जातो, खासगी दवाखान्यात जातो, आणि कामाला येणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही की अगं, या खोलीत येताना मास्क लाव. तिचा दाखला मागणाऱ्या किती घरांनी तिला आपला दाखला दाखवला आहे?

मार्च २०२० आठवा. महाराष्ट्रातले पहिले करोनाचे रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले. दुबईची सहल करून विमानानं आलेले प्रवासी. दुसऱ्याच दिवशी त्यांना मुंबईहून पुण्याला आणणाऱ्या टॅक्सीच्या चालकालाही लागण झाल्याचं निघालं. त्या प्रवाशांचा यात काही दोष नव्हता; लागण झालेला माणूस गुन्हेगार नसतो. पण रोग कुणाकडून कुणाकडे गेला, एवढं तरी लक्षात ठेवा. तो विमानातून उतरला, गाडीत बसला आणि मग वस्तीत पोचला. आणि महिन्याभरात आपण कुणाला फाटकाबाहेर थांबवलं? कामवाल्या बायकांना. भाजीवाल्याला. धारावीचं नाव घेतलं की माणसं दोन पावलं मागे सरकायची.

त्याच वर्षी जुलैत मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर, माटुंगा या बाजूच्या तीन वॉर्डांत सुमारे सात हजार लोकांच्या रक्ताची तपासणी केली. कुणाला लागण होऊन गेली हे त्यातून कळणार होतं. झोपडपट्टीत ५७ टक्के. झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. एकच शहर, तेच वॉर्ड, तेच तीन-चार महिने, तीच टाळेबंदी. अंतर राखा हे वाक्य दोन्हीकडच्या लोकांनी सारख्याच वेळा ऐकलं होतं. फोन लावला की खोकल्याचा आवाज आणि सूचना, तीही दोघांना सारखीच. फरक कानांत नव्हता. फरक होता तो सार्वजनिक संडासाच्या रांगेत, एका नळावरच्या गर्दीत, आणि एकाच खोलीत झोपणाऱ्या सहा माणसांत. 'घरी थांबा' हे ज्याला घर आहे त्यालाच जमतं. बाकीच्यांना खोली असते.

हे अंतर आजचं नाही. १९१८च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा शहरात शिरला. आपल्या आज्या-पणज्या त्याला मानमोडी म्हणायच्या. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला, धान्य महागलं, आणि मानमोडीनं गावंच्या गावं झोपवली. मुंबई शहरातल्या मृत्यूंची तेव्हाची नोंद जातवार आणि धर्मवार आहे. युरोपीय लोकांत दर हजारी ८.३ मृत्यू. पारशांत ९. सवर्ण हिंदूंत १८.९. आणि सरकारी कागदांनी ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटलं त्यांच्यात ६१.६.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. हजारातले एकसष्ट. म्हणजे चाळीच्या एका मजल्यावर जर साठ माणसं राहत असतील तर तीन ते चार प्रेतं, अवघ्या काही आठवड्यांत. त्या माणसांना फ्लू कसा पसरतो हे माहीत नव्हतं म्हणून ती मेली का? तेव्हा फ्लू विषाणूमुळे होतो हे लंडनच्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. साहेब आणि सफाई कामगार दोघंही सारखेच अज्ञानी होते. एकाच्या बंगल्याला चारही बाजूंनी वारा होता, घरात दूध होतं, आजारी पडल्यावर उठून कामाला जायची सक्ती नव्हती. दुसऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

आणि त्याच्याही आधीचा प्लेग. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढे सरकारनं काय केलं? घरं उपसली, कौलं काढली, सामान जाळलं, गटारांत औषधं ओतली. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली सोल्जर घरात शिरले, आणि २२ जून १८९७च्या रात्री त्याच्यावर गोळी झाडली गेली. तो इतिहास आपल्याला शाळेत शिकवतात. शिकवत नाहीत ते हे, की त्याच काळात आपल्या खेड्यांतल्या माणसांना एक गोष्ट कळून चुकली होती. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं. माळावर, रानात झोपड्या घालून राहायचं. उंदीर पडणं थांबलं, बरेच दिवस गेले, की परतायचं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८मध्ये कराचीत उंदीर आणि पिसवांचा दुवा दाखवून दिला. तो सरकारी शास्त्राच्या गळी उतरायला पुढची आठ-दहा वर्षं गेली. तोवर गावं रानात जाऊन राहून जगली होती.

अनाडी म्हणून ज्यांच्या घरांची कौलं काढली, त्यांच्याकडे हे शहाणपण होतं. कुणी विचारलं नाही त्यांना.

सावित्रीबाई फुले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. मुलगा यशवंत डॉक्टर. पुण्याबाहेर ससाणे मळ्यात त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई रुग्णांना तिथे आणत होत्या, आणि त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ला त्या गेल्या. रोगाकडे पाठ फिरवून दाखले मागणं आणि रोग्याला उचलून आणणं, दोन्ही आपल्याच शहरांत झालेलं आहे.

काळजीचंही असंच. ती सगळ्यांना असते, पण सगळ्यांची ऐकू येत नाही. नवा रोग आला, विशेषतः विमानानं आला, की वाहिन्यांवर रात्रंदिवस तोच. टीबीनं २०२३मध्ये भारतात तीन लाखांहून जास्त माणसं मेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दिवसाला आठशेच्या वर. जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांत एक आपला. एखाद्या नव्या विषाणूनं एका दिवसात आठशे माणसं मारली तर दुसऱ्या दिवशी शाळा बंद होतील. टीबी रोज मारतो आणि आपण चहा पिऊन कामाला लागतो, कारण ज्यांना तो मारतो त्यांच्या काळजीला वाहिनी नाही.

सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीच्या बाजूला आणि पलीकडे गोव्यात सत्तरीत गेली दहा वर्षं माकडताप आहे. काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्या बाया-माणसांना गोचीड चावते, आणि ताप असा चढतो की अंग मोडून जातं, कधी रक्तस्राव होतो, काही दगावतात. १९५७मध्ये हा आजार कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. माकड मेलेलं दिसलं की त्या बाजूला जायचं नाही, पाय झाकून जायचं, अंगाला तेल चोपडायचं, आल्यावर आंघोळ करून कपडे उकळायचे, हे तिथल्या काजू वेचणाऱ्या बाईला पाठ आहे. पण काजू गळतो तो एका हंगामापुरता, आणि घरचं वर्षाचं मीठ-तेल त्यावर. बागेत जाऊ नको हे तिला कुणी सांगायची गरज नाही. तिला लस हवी आहे. जुनी लस उपयोगी पडेना म्हणून २०२२मध्ये बंद केली. मुंबईतल्या किती जणांनी माकडताप हा शब्द ऐकलाय? तिथला सोललेला काजू मात्र आपल्या घरी दिवाळीला येतो.

महारोगाबद्दल थोडंच. १९८०च्या दशकापासून आपल्याकडे त्यावर खात्रीचं औषध फुकट मिळतं, सुरुवातीच्या मात्रांनीच लागण देण्याची शक्यता जवळजवळ संपते. तरी जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९पर्यंत होतं. अडाणी माणसाची भीती गावच्या वेशीपाशी राहते, शिकलेल्या माणसाची भीती थेट कायद्यात जाऊन बसते.

आणि पाणी. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले. हातापायांतली ताकद जाते, कधी श्वासाचे स्नायूही थकतात. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण झाले. हा आजार स्वतः एकापासून दुसऱ्याला होत नाही. पोटात गेलेल्या जंतूंशी लढता लढता शरीर आपल्याच मज्जातंतूंवर उलटतं. अनेक रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून येतो. शहरानं काय केलं? चिकन सोडलं, पनीर सोडलं. महापालिकेनं पाणी उकळून प्या असं सांगितलं, काही खासगी आरओ प्रकल्पही बंद केले. यातली बरीच गावं महापालिकेत नव्यानं घेतलेली. घरपट्टी लागू झाली. शुद्धीकरणातून आलेलं पाणी मात्र तेव्हा नव्हतं.

या वेळी मात्र वस्तीकडे बोट दाखवता येईना, कारण आजारी पडणारे फ्लॅटमध्ये राहणारे होते. आमच्यासारखेच. आणि त्यांनाही तेच ऐकवलं गेलं जे आपण वस्तीला ऐकवतो: हात धुवा, पाणी उकळा, बाहेरचं खाऊ नका. त्या भागात माझी मावसबहीण राहते. ती फोनवर चिडून म्हणाली, 'अगं, विहिरीत क्लोरीन किती टाकायचं हेही आता मीच बघायचं का?' तिचा राग रास्त होता. मी तिला एवढंच म्हणाले, की वस्तीतल्या बाया हा प्रश्न आईच्या काळापासून विचारताहेत.

डेंगीचंही तेच. डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, दिवसा चावतो, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. बरोबर आहे. पण ज्या गल्लीत पाणी दिवसाआड तासभर येतं, तिथल्या बाईनं पिंप कोरडं करायचं म्हणजे पाणी ओतून द्यायचं. तिला कोरडा दिवस शिकवायच्या आधी नळाला रोज पाणी द्या. आमच्या इमारतीत पाणी चोवीस तास आहे. इथे डास फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या बशीत, मनीप्लांटच्या बाटलीत वाढतात, आणि मलेरिया खात्याचा माणूस तपासायला आला की वॉचमन त्याला फाटकातून परत पाठवतो. कुणाचं प्रबोधन करायचं, ठरवा.

माहितीनं रोग जात नाही असं नाही, पण जे जेवणानं जातं ते फलकानं जात नाही. झारखंडमध्ये झालेला एक अभ्यास २०२३मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. टीबीच्या रुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा थोडं जास्त धान्य, डाळ दिली. कुठली नवी लस नाही, नवं यंत्र नाही. ज्या घरांत हा शिधा पोचला तिथे घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झालं. तांदूळ आणि डाळ. हे वाचल्यावर दर गल्लीत टीबीचा फलक लावण्याआधी प्रत्येक रुग्णाच्या घरी शिधा पोचायला हवा होता.

आणि गोळ्या. सहा महिने एकही डोस चुकवू नका, हे आपण रुग्णाला बजावतो. तो चुकला की त्याला बेजबाबदार म्हणतो. २०२४च्या सुरुवातीला सरकारी टीबीच्या गोळ्यांचाच तुटवडा झाला. राज्यांनी आपापल्या पातळीवर औषध विकत घ्यावं असं केंद्राला कळवावं लागलं. त्या आठवड्यांत माणसं दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत गेली. मावशींची जाऊ तेव्हा डोसावर नव्हती, हे तिचं नशीब. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'आम्ही सोडल्या तर आमची चूक. त्यांच्याकडच्या संपल्या तर?'

मग मी त्यांना दाखल्याचं सांगितलं. ग्रुपवर काय ठरतंय, लिफ्टचं काय, सगळं. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, 'आणते की दाखला. तपासलेलं बरंच असतं, ताई. पण दवाखान्यात नंबर लागून फोटो निघेस्तोवर दुपार होती. दुसऱ्या दिवशी बेडका घेऊन परत जायचं. दोन दिवस, पाच घरं. एवढा खाडा कोण भरून देणार?'

एवढ्या सगळ्या अंगठ्यांत हा प्रश्न कुणाच्या मनात आला नव्हता. माझ्याही नाही, हे मी लिहून ठेवते.

टीबीबद्दल सोसायटीनं काही करायचंच असेल तर ते अवघड नाही. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर तपासणी, मग तो माणूस सहाव्या मजल्यावर राहणारा असो की तिथे फरशी पुसणारा. तपासणीच्या दिवसांचा पगार कापायचा नाही. टीबी निघाला तर सुरुवातीचे आठवडे भरपगारी रजा, कारण योग्य औषध सुरू झालं की बहुतेकांकडून लागण होण्याची शक्यता काही आठवड्यांतच झपाट्यानं उतरते. मग काम परत त्यांचंच, नवी बाई बघायची नाही. ज्या बाईला ठाऊक असतं की टीबी निघाला तर पाचही घरं सुटणार, ती खोकला दाबते. ती अडाणी असते म्हणून दाबत नाही, हिशेब येतो म्हणून दाबते. आणि पायऱ्यांच्या खिडक्या, ज्या गेल्या पावसाळ्यापासून खिळे ठोकून बंद आहेत, त्या उघडायच्या.

हे सगळं मी बुधवारी रात्री ग्रुपवर लिहिलं. चार अंगठे आले. एक दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिकेचा, आणि तिनं खाली लिहिलं की रविवारी मी स्वतः सगळ्या बायकांना घेऊन दवाखान्यात जाते, रांग मला माहीत आहे. एक तिसऱ्या मजल्यावरचा, ज्यांच्याकडे त्या खोकणाऱ्या बाई येतात. त्यांनी पगार कापणार नाही असं कळवलं. त्या बाई आणखी ज्या चार घरी काम करतात, त्यांचं उत्तर आलेलं नाही.

त्या बाई मात्र रविवारची वाट बघत थांबल्या नाहीत. गुरुवारी सकाळी त्या बेडका देऊन आल्या. निकाल सोमवारी मिळेल. तोवर चार घरांचा खाडा परवडत नाही म्हणून त्या मास्क लावून कामाला येत आहेत. बायकांनी लिफ्ट वापरू नये असा तिथे चिकटवलेला कागद अजून निघालेला नाही. त्या खोकत खोकत जिन्यानं चढतात, मधल्या वळणावर थांबतात, कठड्याला धरून श्वास घेतात. तिथली खिडकी बंद आहे.